पाठीशी सूर्य, समोर दर्या

कोकणात चार दिवस राहून आलेल्या कुणाच्याही मोबाइलमधले समुद्राचे फोटो पाहा. लाल गोळा, त्याच्याखाली पाण्यावर उतरलेला सोनेरी पट्टा, कडेला एखाद्या माडाची किंवा पाठमोऱ्या माणसाची काळी आकृती. फोटो देखणा असतो, त्यात वाद नाही. पण तो गणपतीपुळ्याचा की गुहागरचा, तारकर्लीचा की थेट गोव्याचा, हे खाली नाव घातल्याशिवाय काढणाऱ्यालाही वर्षभराने सांगता येणार नाही. मावळता सूर्य सगळीकडून सारखाच दिसतो आणि त्याच्यासमोर असलेले सगळे काळे पडते. म्हणजे हा फोटो सूर्याचा असतो, किनारा त्यात नुसता हजर असतो. ज्याला किनारा टिपायचा आहे, इथली वाळू, इथला खडक, इथला तट, इथली पाण्यात शिरणारी माणसे, त्याने संध्याकाळचा हट्ट सोडून पहाटे उठावे, असे माझे म्हणणे आहे. यावर पहिली शंका ठरलेली : कोकणात सूर्य समुद्रातून उगवतो कुठे? उगवत नाहीच. तो मागून, सह्याद्रीच्या बाजूने येतो. आणि पहाटे जायचे ते नेमके त्याचसाठी.

समुद्रातून वर येणारे सूर्यबिंब हवे असेल तर पुरी, कोणार्क किंवा चेन्नईची मरीना गाठावी. मुंबईकराला तेवढे लांब जायचेही कारण नाही. गेट वे ऑफ इंडियासमोरचे पाणी पूर्वेला आहे, तिथे सूर्य बंदरावर उगवतो. पण मुंबईचा हा अपवाद आणि खाड्यांची वळणे सोडली तर महाराष्ट्राचा सातशे किलोमीटरहून लांब किनारा आणि त्याखालचा गोव्याचा, दोन्ही पश्चिमेकडे तोंड करून आहेत. छायाचित्रणाच्या पुस्तकांतले ‘पहाटे सूर्याकडे कॅमेरा धरा’ हे धडे बहुधा दुसऱ्या किनाऱ्यांवर लिहिलेले असतात. ते इथे लावायला गेले की पहाट निरुपयोगी वाटू लागते, आणि हॉटेलातला न्याहारीचा वास येईपर्यंत माणसे उठत नाहीत. दरम्यान समुद्रावर जे घडायचे ते घडून गेलेले असते.

काय घडते? सूर्योदयाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी, आकाश स्वच्छ असेल तर, पश्चिम क्षितिजालगत एक निळसर राखाडी पट्टा दिसतो आणि त्याच्या वर गुलाबी रंगाचा दुसरा. खालचा पट्टा म्हणजे ढग नव्हे, धुकेही नव्हे. ती पृथ्वीची सावली आहे, आपल्याच ग्रहाची, वातावरणावर पडलेली. वरच्या गुलाबी पट्ट्याला शुक्राचा पट्टा म्हणतात, पण शुक्र ग्रहाशी त्याचा काही संबंध नाही. सूर्य अजून आपल्या क्षितिजाखाली असतो, पण त्याचे किरण वातावरणाच्या लांबच लांब थरातून तिरपे जाऊन पश्चिमेकडच्या उंच हवेवर पडतात. एवढ्या प्रवासात त्यांतला निळा भाग विखरून गेलेला असतो, उरलेला तांबूस प्रकाश त्या हवेवरून आपल्याकडे परत फिरतो. सूर्य जसजसा वर येतो तसतशी सावली खाली सरकते आणि सूर्योदयाबरोबर क्षितिजाआड जाते. संध्याकाळीही हा प्रकार होतो, पण तेव्हा तो पूर्वेला असतो. कोकणच्या पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पूर्वेला माड असतात, घरे असतात, जांभ्याचे सडे असतात आणि त्यामागे सह्याद्री. क्षितिजालगतचा सगळा देखावा त्यांच्याआड जातो. सकाळी मात्र त्याच्याखाली सताड उघडा समुद्र असतो. सखल कोनातून पाहिलेले पाणी आकाशाचेच रंग दाखवते, त्यामुळे तो गुलाबी आणि तो राखाडी दोन्ही पाण्यावरही उतरतात. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर असेल तर हा रंग म्हणजे काहीतरी चूक आहे असे समजून यंत्र तो दुरुस्त करू पाहते, आणि चित्र फिकट होते. तो ‘डेलाइट’वर ठेवावा. रंग गेला म्हणून आकाशाला दोष देणारे पुष्कळ जण या एका बटणाने फसलेले असतात.

पहाटेच्या बाजूने दुसरा पुरावा छायाचित्रणाच्या इतिहासातच आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ साली नॉर्मंडीच्या आणि भूमध्य समुद्राच्या काठी काढलेली समुद्रचित्रे त्या काळी गाजली. त्या वेळच्या, कलोडियन या रसायनाचा थर दिलेल्या निगेटिव्हच्या काचा निळ्या प्रकाशाला फार चटकन प्रतिसाद देत. पाणी नीट यावे म्हणून जास्त वेळ दिला तर आकाश कोरे पांढरे, आकाश सांभाळले तर पाणी काळे. ल ग्रेने काही चित्रांत आकाशाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी घेऊन क्षितिजावर जोडून छापली. रसायने गेली, सेन्सर आले, तरी मूळ अडचण तीच आहे : सूर्याकडे तोंड केले की आकाश आणि जमीन यांच्या उजेडात प्रचंड तफावत पडते. आजचा चांगला कॅमेरा तेरा-चौदा स्टॉपचा फरक पेलतो, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, हे लक्षात घेतले तर ही क्षमता थोडी नाही. तरीही मावळतीचा सूर्य आणि त्याच्यासमोरचा काळा कातळ यांच्यात ती तोकडी पडते. पहाटे पश्चिमेकडे पाहताना हा झगडाच नसतो. समोरचे आकाश, त्याचे पाण्यातले प्रतिबिंब आणि पायाखालची ओली वाळू यांचा उजेड एकमेकांच्या जवळपास असतो. साधा कॅमेरासुद्धा तिन्ही एका चित्रात सांभाळतो, काचेचे फिल्टर लावावे लागत नाहीत.

मोबाइलवाले लगेच म्हणतील की हा प्रश्न आता उरलेलाच नाही. फोन एका क्षणात चार-पाच फ्रेम घेतो, काळोखी भाग उजळतो, तळपणारा भाग दाबतो आणि सगळे जुळवून देतो. हे खरे आहे, आणि त्यात कमीपणा मानायचे काही कारण नाही. पण फोन उजेड कमी-जास्त करतो, उजेडाची दिशा बदलू शकत नाही. जी भिंत सावलीत आहे ती कितीही उजळली तरी सावलीतलीच भिंत राहते, तिचा दगड सपाट दिसतो, चिऱ्यांमधली फट दिसत नाही, बुरुजाचा गोल जाणवत नाही. याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे आपले जलदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग आहे, मुरूडसमोर पद्मदुर्ग, राजपुरीसमोर जंजिरा. हे सगळे किनाऱ्याच्या पश्चिमेला, पाण्यात. म्हणजे किनाऱ्यावरून आपल्याला त्यांची दिसते ती पूर्वेकडची बाजू. जंजिऱ्याचा मुख्य दरवाजाही राजपुरीच्याच बाजूला आहे. संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या मागे असतो आणि आपल्याकडची सगळी बाजू अंधारात, त्यामुळे चारशे वर्षांचे बांधकाम कात्रीने कापलेल्या काळ्या कागदासारखे दिसते. सकाळी तीच बाजू उजळते. शिवाय आणखी एक गंमत होते. आपण उभे असतो त्या पुळणीवर मागच्या टेकडीची आणि झाडीची सावली पडलेली असते, पण किल्ला सावलीच्या पलीकडे, लांब पाण्यात असल्याने त्याला ऊन आधी मिळते. काही मिनिटे अशी असतात की पायाखालची वाळू निळी-गार आणि समोरचा तट तांबडा. मग उन्हाची ती रेघ पाण्यावरून हळूहळू आपल्याकडे येते. किनाऱ्यावर ऊन दुरून जवळ येताना पाहायला मिळणे हे पश्चिम किनाऱ्याचेच भाग्य आहे, आणि ते रोजचे आहे.

जाणकाराची हरकत याहून पक्की असते. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असेल तर सावल्या वस्तूंच्या मागे पडतात, चित्र सपाट येते, हे पहिल्या धड्यात शिकवतात. सकाळी दहा-अकरानंतर हे शंभर टक्के लागू आहे. पहाटे नाही, याला दोन कारणे. एक तर सूर्य वर येण्याआधीचा उजेड एका बिंदूतून येत नाही, अर्ध्या आकाशातून येतो, आणि त्याचा मऊपणा हाच त्याचा गुण. दुसरे असे की सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो. आपल्या अक्षांशांवर जूनमध्ये तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. फिरायच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तो आग्नेयेकडून येतो. तुम्ही समुद्राकडे सरळ न पाहता किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने उत्तरेकडे वळलात की ऊन उजव्या बाजूने, जवळजवळ जमिनीला टेकून येते. अशा उन्हात वाळूवरची प्रत्येक लहर उठून दिसते. ओहोटीने वाळू उघडी पडली की त्यात राहणारे इवले खेकडे बाहेर येतात, ओली वाळू तोंडात घोळवून त्यातले खाण्याजोगे तेवढे घेतात आणि बाकीची गोळी करून टाकतात. ज्वारीच्या दाण्याएवढ्या शेकडो गोळ्या, बिळाभोवती किरणांसारख्या ओळींनी मांडलेल्या, मध्ये खेकड्याला ये-जा करायला ठेवलेली वाट. भर दुपारी ही नक्षी पायाखाली जाते आणि कळतही नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक गोळीला आपापली सावली असते. रत्नागिरीला मांडवीच्या काळ्या वाळूवर तर ओसरती लाट जड काळे कण मागे सोडून फाटे फुटलेल्या रेघा काढते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला की एवढे एकच चित्र सकाळ भागवते.

ही वाळू उघडी कधी पडते, याचे गणित कोकणात पंचांगावरून करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. भरती आणि ओहोटी यांच्यात सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असते. म्हणजे पौर्णिमेला ओहोटी पहाटे पाचच्या आसपास, वद्य प्रतिपदेला साडेसहाच्या, द्वितीयेला सव्वासात-साडेसातच्या. आता हे एकत्र ठेवून पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते, आणि हा जोर तिथीनंतर एक-दोन दिवस टिकतो. मुंबईकडे उधाणाच्या वेळी पाण्याचा चढउतार चार मीटरच्या पुढे जातो, गोव्याकडे त्याच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे पौर्णिमेपासून द्वितीयेपर्यंतच्या पहाटे पाणी खूप मागे गेलेले, खडकांचे तळ उघडे, वाळूचा लांबरुंद ओला आरसा समोर, आणि त्याच वेळी चंद्र पश्चिमेला, समुद्राकडे उतरत असलेला. शिवाय उजाडताना आकाशाचा आणि चंद्राचा उजेड एकमेकांच्या जवळ येतो, त्यामुळे चंद्रावरचे डाग टिकतात; मध्यरात्री काढलेल्या फोटोत तो नुसता पांढरा ठिपका होतो. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, गावागणिक त्यात फरक पडतो. नेमके आकडे हवे असतील तर सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात. पण बेत आखायला पंचांग पुरते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाण्याची हालचाल मंद आणि पहाटे नेमकी भरती. वाळूसाठी ते दिवस वाया, लाटा आणि खडक यांच्यासाठी मात्र चालतात.

प्रामाणिकपणे सांगायचे तर उधाणाच्या दिवशी तशीच एक ओहोटी संध्याकाळीही येते. मग पहाटेचे कौतुक कशाला? उत्तर वाऱ्यात आहे. शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून खारा वारा आत येतो, पाण्यावर खळबळ माजते, हवेत मिठाचे तुषार येतात आणि भिंगावर चिकट थर बसतो. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटा फिरतो आणि पहाटेपर्यंत मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत राहतो. येणाऱ्या लाटेला तो समोरून अडवतो, तिचा माथा गुळगुळीत राहतो, काठालगतचे पाणी शांत होते. संध्याकाळी वाळूवर उंटाचे, घोड्यांचे, गाड्यांच्या चाकांचे ठसे असतात ही गोष्ट वेगळीच. पहाटेच्या या शांत पाण्याला शटरचा वेग किती द्यावा, हा चवीचा प्रश्न आहे. ट्रायपॉड लावून अर्ध्या-एका सेकंदात टिपले तर ओसरत्या लाटेच्या फेसाच्या रेघा ओढल्या जातात आणि पाणी कुठून कुठे गेले ते कळते. तीस सेकंद दिले की समुद्राचे दूध होते. हल्ली स्पर्धांतून हे दूध फार वाहते. एखाद्या चित्रात ते शोभते, पण ज्या किनाऱ्याला लाटच नाही तो किनारा कुणाचा, असे विचारावेसे वाटते.

आणि पहाटेचा किनारा रिकामा नसतो. मालवणच्या परिसरात रापण लावली असेल तर होडीने जाळे समुद्रात अर्धगोल टाकलेले असते आणि त्याच्या दोन टोकांचे दोर दोन तुकड्या काठावरून ओढत असतात. बाजूला उभे राहिले तर पूर्वेचे ऊन ताणलेल्या दोरावर, त्यातून निथळणाऱ्या पाण्यावर आणि शेवटी जाळ्यात उसळणाऱ्या तारली-बांगड्यांवर पडते. संध्याकाळच्या सूर्याने हेच दृश्य सावल्यांचा खेळ करून टाकले असते. मात्र ही माणसे कामात आहेत. फोटोसाठी थांबा, पुन्हा ओढा, असे त्यांना सांगणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे. आधी विचारावे, दोराच्या वाटेत येऊ नये, हात लावायला सांगितले तर लावावा. वेळासला किंवा आंजर्ल्याला सागरी कासवांची पिल्ले पाण्यात सोडतात तेव्हाही, सोडणाऱ्यांनी आखलेल्या दोरीच्या मागे राहावे आणि फ्लॅश अजिबात वापरू नये. अंधारात पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात, तुमच्या दिव्याने त्यांची वाट चुकते.

पहाटेच्या विरुद्ध खरी तक्रार असेल तर ती हवेची. हिवाळ्यात खाडीवर धुके असते, मुंबईच्या आसपास धुरकट थर क्षितिज खाऊन टाकतो आणि वर सांगितलेला गुलाबी पट्टा कित्येक दिवस दिसतच नाही. पावसाळ्यात तर पूर्व आणि पश्चिम दोन्ही झाकलेल्या. यावर युक्तिवाद करण्यात अर्थ नाही. रंगासाठी पाऊस संपल्यावरचे दिवस धरावेत, ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे, हवा धुऊन निघालेली असताना, आणि शहरापासून दक्षिणेला जितके जाल तितके बरे. धुक्याची सकाळ मिळालीच तर रंगाचा नाद सोडून खाडीकाठच्या होड्या पाहाव्यात. तरीही दहातल्या काही सकाळी हाती काही न लागता जातील. संध्याकाळचा सूर्य त्या मानाने भरवशाचा आहे, हे मान्य. पण त्याचे चित्र तुमच्या आधी असंख्य जणांनी काढून ठेवले आहे.

बेत आखताना एवढे करा. सूर्योदयाच्या निदान पन्नास मिनिटे आधी जागेवर पोहोचा, कारण आपल्याकडे संधिप्रकाश आखूड असतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असल्यापासून उगवेपर्यंत जेमतेम बावीस-तेवीस मिनिटे मिळतात. जागा आदल्या दिवशी उजेडात पाहून ठेवा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गासारख्या खडकाळ जागी तर त्याशिवाय पाऊलही टाकू नका. शेवाळलेला कातळ दिव्याच्या उजेडात कोरडा वाटतो. आणि ज्या ओहोटीच्या भरवशावर तुम्ही आत गेलात ती पहाटे संपते, त्यानंतरचे पाणी वाढतेच असते. पहिला तासभर ते हळू चढते, म्हणून माणूस गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासाला त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि ते खडकांमधल्या सखल घळीतून आधी तुमच्या मागे येते. स्थानिक माणसाने ‘आता माघारी फिरा’ म्हटले तर पुढची फ्रेम न घेता फिरा.